साळवे बाईंच्या चार ओळी

पहिल्या ओळीत फूल दिसलं की साळवे बाई कागद टराटरा फाडायच्या. दौंडच्या आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये प्रत्येक मुलीला एका पेशंटवर चार ओळी लिहाव्या लागत आणि त्यालाच वाचून दाखवाव्या लागत. पेशंट "व्हय" म्हणाला तरच पास. "दया नको दाखवू. दुखणं कळलं का, ते सांग," असं म्हणत बाई तुकडे आमच्याच हातात ठेवायच्या.

मी कवठे येमाईची, घरातली पहिलीच शिकणारी. माझ्या वाट्याला वरवंडचे आबा आले. शुगरमुळं त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला होता. 'आबा, तुम्ही पुन्हा चालाल,' मी वाचलं. आबा म्हणाले, "पाय तुझा कापलाय का माझा?" अख्खा वॉर्ड हसला. मला रडू फुटलं.

"रडायचं आसंल तर कवठ्याला जा," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "हितं रडायला पेशंट हायेत."

मग मी रोज आबांजवळ बसू लागले. ते बोलले तसंच लिहिलं:

पाय गेला, खाज राहिली.
जखमेला वास येतो म्हणून
सून ताट लांबून सरकवायची.
लेक दारातूनच विचारायचा, "म्हातारं हाय का गेलं?"

"व्हय," आबा म्हणाले. बाईंनी तो कागद फाडला नाही.

भेटीच्या वेळी गावची माणसं आली, तेव्हा आबांनीच मला त्या ओळी मोठ्यानं वाचायला लावल्या. त्यांच्यात आबांचा लेकही होता, गावच्या सोसायटीचा चेअरमन. तो ताडकन उठला. "नर्सा घडवताय का आमची अब्रू काढताय?"

ऑफिसात बोलावणं आलं. आबांना व्हीलचेअरवर आणलं. त्यांनी एकदा लेकाकडं पाहिलं.

"म्या कवा बोललो? पोरीनं मनानंच लिव्हलं."

शाळेतून माझं नाव कमी होणार, हे ठरल्यातच जमा होतं. बाई पुढं झाल्या. "मीच लिहायला लावलं. ती काय करणार?" दुपारपर्यंत बाईंची नोकरी गेली.

मी फाटकापर्यंत त्यांच्यामागं धावले. "बाई, आबा खोटं बोलले!"

"त्यांना त्याच घरात जायचंय," बाई म्हणाल्या. "तुला ते दिसलं न्हाई. मला बी न्हाई. आता निघ, ड्रेसिंग राहिलंय त्यांचं."

त्यांनी वळून पाहिलं नाही. पुन्हा भेटल्याही नाहीत. आज मी नर्स आहे, ती त्यांच्यामुळं.

त्या दिवशी मी वॉर्डात परतले, तेव्हा मला पाहून आबांनी तोंड भिंतीकडं केलं. ड्रेसिंगचा गॉज जखमेला चिकटला होता. मी त्यावर सलाईन ओतलं आणि तो आपोआप सुटेपर्यंत बसून राहिले.