शत्रू ओळखायला शिकवणारे आप्पा

ऐका हो ऐका! समस्त शिक्रापूर, शिरूर आणि दौंड परिसरातील सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, संसदीय लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि निष्फळ चर्चा या तिन्हींचे या भागातील एकमेव अभ्यासू वैरी, राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक रंगनाथआप्पा हे झोपेतच निवर्तले आहेत. तिन्हींनीही एवढ्यात निर्धास्त होऊ नये. आप्पांचे शिष्य हयात असून त्यांच्याकडे मोबाइल आहेत.

माझा धंदा मंडप आणि स्पीकरचा, त्यामुळे जाहीर निवेदनाशिवाय मला सुरुवातच करता येत नाही. बातमी आली तेव्हा मी पाटसला एका लग्नात शिडीवर चढून भोंगे बांधत होतो. फोन रामसेवकचा. "काका, आप्पा नहीं रहे..." एवढं बोलला आणि रडायलाच लागला. रामसेवक म्हणजे आप्पांचा भाडेकरू. उत्तरेकडून आलेला, कारखान्यात प्रेस मशिनवर काम करणारा. आप्पांच्या सिद्धान्तात हा माणूस पलीकडच्या बाजूचा, म्हणजे शत्रूच. शेवटच्या आजारपणात त्यांना दवाखान्यात नेणारा-आणणारा तोच होता. अंत्ययात्रेला तो होता, त्याची बायको होती, गल्लीतली माणसं होती, मी होतो. शिष्य एकही नव्हता. असं का झालं, ते सांगायला बसलोय.

दौंडच्या कॉलेजात आप्पांनी मला शिकवलं. स्टेशनातून इंजिनाची शिट्टी आली की निम्मा वर्ग गाडी कुठली यावर कुजबुजायचा, आणि आप्पा फळ्यासमोर दोन महायुद्धांमधल्या युरोपातले ते सगळे कडक विचारवंत जिवंत करायचे. जो समाज नुसता चर्चा करतो तो कधी निर्णय घेत नाही. व्यक्ती म्हणजे फांदी, राष्ट्र म्हणजे झाड. फांदीला कसले आलेत हक्क? आणि सगळ्यावर कळस म्हणजे हे: राजकारण सुरू होतं ते आपला कोण आणि शत्रू कोण, हे ठरवण्यापासून. मी हात वर करून म्हणायचो, सर, हे भयंकर आहे. ते खूश व्हायचे. पुस्तक माझ्या हातात ठेवायचे आणि माझ्या मोठ्या आवाजावरून पाडलेल्या नावानं म्हणायचे, "तुझं मत चुकीचं असलं तरी चालंल भोंग्या, उसनं असलेलं चालणार न्हाई." मग ते पुस्तक मी चिडून शेवटपर्यंत वाचायचो. मी जन्मभर त्यांच्या विरुद्ध बाजूला राहिलो, आणि त्या बाजूला का आहे हे मला नीट सांगता येतं, ते केवळ त्यांच्यामुळे. माझ्या उदारमतवादाची सगळी तालीम त्या आखाड्यात झाली. एवढं देणं माझ्या बाजूच्या एकाही वक्त्यानं मला दिलं नाही, आणि त्यांची भाषणं मी फुकटात वाजवली आहेत!

निवृत्तीनंतर आप्पा शिक्रापूरला आले. हायवेलगतच्या वडिलोपार्जित जागेत खोल्या काढल्या, कामगारांना भाड्यानं दिल्या आणि ओसरीवर पुस्तकं मांडून बसले. आयुष्यभर अर्ध्या कानानं ऐकणाऱ्या वर्गांना शिकवलेला माणूस... आणि एका रविवारी विशाल आला. विशालची जिम आहे. त्यानं मोबाइलवर कुणाचं तरी घणाघाती भाषण ऐकलं होतं आणि त्यातलं मूळ कुठून आलं हे त्याला हवं होतं. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. ओसरी भरली. आप्पांनी दाढी रोज करायला सुरुवात केली, यावरून काय ते समजा.

मीही जायचो. मला ती पोरं 'लिबरल काका' म्हणायची, आणि तो शब्द उच्चारताना डासाची अगरबत्ती लावल्यासारखा चेहरा करायची. आप्पांचा सगळा भर शब्दांवर. मऊ शब्द वापरला की शत्रू अदृश्य होतो, असं त्यांचं म्हणणं. कुणी बोलताना 'बिचारा' म्हणालं तर त्याला उभं करून वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे. ज्याला जे नाव द्याल तसं त्याच्याशी वागाल, हा त्यांचा लाडका मुद्दा. ओसरीवर हे ऐकायला मोठं चमकदार वाटायचं. विशालनं तेच वाक्य चौकातल्या परप्रांतीय पाणीपुरीवाल्याला ऐकवून त्याची गाडी ढकलून दिली, तेव्हा ते पुस्तकातलं राहिलं नाही. मी आप्पांना तसं म्हणालो. ते चष्मा पुसून पुढच्या पानाकडे वळले.

मग शिष्यांनी ठरावाची गोष्ट काढली. बाहेरच्या माणसांना गावात खोल्या द्यायच्या नाहीत, असा ठराव सभा भरवून करायचा, आणि सुरुवात आप्पांनी स्वतःच्या खोल्या रिकाम्या करून द्यायची. सिद्धान्ताप्रमाणे त्यांना नाही म्हणता येईना. शिष्य गेले तर ओसरी पुन्हा ओस पडणार, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी रामसेवकला पुस्तकी हिंदीत सांगितलं, सभा में निर्णय हो जाए तो कक्ष रिक्त कर देना. रामसेवकची बायको तेव्हा दोन जिवांची होती. तो मान हलवून शिफ्टला निघून गेला. मी मात्र खूप बोललो, आणि नंतर त्याच सभेच्या मंडपाचे खांब रोवले. धंदा आहे.

सभा उधळली. दंगाबिंगा नाही, हसण्यानं उधळली. ठराव वाचायला विशालचं तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी शिष्यांनी आप्पांना आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. ओसरीवर नंतर रविवारी आप्पा आणि मी दोघंच. रामसेवकची मुलगी त्याच खोलीत रांगली, चालली, आप्पांच्या पुस्तकांवर चढून बसली. आप्पांनी मात्र सिद्धान्त सोडला नाही. मला शेवटपर्यंत तितक्याच तावातावानं झोडपत राहिले. एकदाच, अगदी सहज म्हणाले, "सिद्धान्तात खोट न्हाई रे. मीच कच्चा निघालो." असा कच्चा माणूस मला गुरू म्हणून मिळाला, याबद्दल मी कुणाचे आभार मानू?

आता ती सभा. मंडप गच्च. आप्पा पांढऱ्या स्वच्छ शर्टात माइकसमोर, भाषा एकदम कॉलेजातली, शुद्ध, टोकदार. राष्ट्र म्हणजे धर्मशाळा नव्हे, म्हणाले. टाळ्या. जो आपला नाही त्याला तोंडावर तसं सांगण्याचं धैर्य हवं, म्हणाले. पुन्हा टाळ्या. तेवढ्यात रामसेवक आला. शिफ्ट संपवून थेट, कंपनीच्या निळ्या शर्टात, हातात जेवणाचा डबा. आपल्याला घर आहे की नाही, ते ऐकायला आलेला. मंडपाच्या कडेला कनात धरून उभा राहिला. सगळ्या माना तिकडे वळल्या. विशालनं आप्पांना खूण केली, आत्ताच, यालाच म्हणा. मी ॲम्प्लिफायरपाशी होतो; खोटं कशाला सांगू, मी आवाज थोडा वाढवला. आप्पांनी रामसेवककडे बोट रोखलं. बोट तसंच राहिलं... आणि घराच्या दारात कुणी अनोळखी माणूस उभा दिसला की त्यांच्या आईच्या तोंडून जे यायचं, ते आप्पांच्या तोंडून माइकवर, सगळ्या भोंग्यांतून, हायवेपर्यंत गेलं:

"या पाव्हणं, उभं का? टेका की हितं... च्या घेतला का न्हाई?"