खलीजमधला दबाव

जिंतूरच्या आमच्या गल्लीत समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. पूर्णेला पूर आला की माणसं येलदरीकडे जाऊन तो बघून येत आणि आठवडाभर त्याच्याच गप्पा हाणत. धरण तेव्हा नव्हतं. मोठं पाणी म्हणजे तेवढंच, अशी आमची समजूत.

समुद्राची खबर यायची ती रेडिओवरून. गल्लीच्या तोंडाशी एका कापसाच्या व्यापाऱ्याची पेढी होती, तिच्या ओसरीवर रेडिओ ठेवलेला असे. त्याची बॅटरी मोटारीनं परभणीला भरायला जाई आणि ती परत येईपर्यंत जगात काहीही घडत नसे. दिवेलागणीला हैदराबादहून उर्दूत खबरा लागत, शेवटी हवामान. त्यात ‘खलीज-ए-बंगाल’ हे शब्द हमखास यायचे. खलीज म्हणजे उपसागर. पण बरेच दिवस लोकांना वाटे, हा कोणी बडा हाकीम असावा. खलीज बिघडलाय, खलीज शांत हाय, असं रोज कानावर पडायचं, आणि हाकिमाबद्दल आम्ही एरवीही असंच बोलत असू. ही समजूत मी मोडली. मी तहसील कचेरीत नक्कलनवीस होतो, दिवसभर उर्दू कागदांच्या नकला करायचो, त्यामुळे ओसरीवर खबरांचा मराठी अर्थ सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. मला त्याची घमेंडही होती. ती लपवायची अक्कल त्या वयात नव्हती.

आमच्या शेजारी एक लिंगायत आव्वा राहायची. नवरा किराणा दुकान मागं ठेवून लवकर गेला, दुकान दिरांनी चालवायला घेतलं आणि एकुलता मुलगा कोणाच्या तरी ओळखीनं रंगूनला लाकडाच्या वखारीत कामाला लागला. पाच वर्षं तो आला नव्हता. त्या साली दिवाळीआधी त्याचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं. पुढच्या बोटीनं मद्रासला उतरतो, तिथून रेल्वेनं परभणीला येतो, सोबत सेलूकडचा एक माणूस आहे, असा मजकूर होता. पाच-सहा दिवस पाण्यावर काढायचे, तेही डेकवर, म्हणजे बोटीच्या उघड्या पाठीवर, कारण आत जागा महाग. आव्वानं मला दोनच गोष्टी विचारल्या. समुद्राला दुसरा काठ असतो का, आणि उघड्यावर झोपायचं तर त्याला थंडी वाजेल का.

बोट सुटायच्या दिवसापासून आव्वा रोज संध्याकाळी पेढीसमोरच्या दगडावर येऊन बसू लागली. ओसरीवर बाया बसत नसत. खबरा संपल्या की मी खाली उतरून तिला सांगायचं आणि मग तिनं घरी जाऊन, गळ्यातल्या लिंगाची पूजा करून जेवायचं, असं ठरूनच गेलं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी रेडिओ म्हणाला, खलीज-ए-बंगालमध्ये हवेचा दबाव कम झाला आहे. मी खुशीत खाली उतरलो.

त्या काळी आमच्याकडे दबाव या शब्दाचा एकच अर्थ होता. दबाव महसूल बघणाऱ्या गिरदावराचा असे, पोलीस पाटलाचा असे, सरकार सक्तीनं घेई त्या लेव्हीच्या धान्याचा असे. तो कमी झाला असं कळलं की गाव सुटकेचा निःश्वास टाकी. मी आव्वाला म्हणालो, दबाव कमी झालाय, आता काही काळजी नाही. ती म्हणाली, लय बरं झालं. आम्हा दोघांच्याही मनात शंका आली नाही. पुढच्या संध्याकाळी दबाव आणखी कमी झाला आणि आव्वानं माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतले भूगोलाचे मास्तर कचेरीत एका नकलेसाठी आले. दबाव कमी झाल्याची खबर सांगून मी त्यांच्याजवळ माझी हुशारी मिरवायला गेलो.  माझ्याच कागदाच्या कोपऱ्यावर एक वर्तुळ काढून त्यांनी समजावलं की जिथं हवेचा दबाव कमी होतो तिथं चारी बाजूंची हवा धावून येते आणि समुद्रावर असं झालं म्हणजे वादळ होतं. जितका कमी तितकं वाईट. नक्कल घेऊन ते निघून गेले. तो कागद मला पुन्हा लिहावा लागला.

त्या संध्याकाळी रेडिओत फार खरखर होती. तिच्यातून मला दोन गोष्टी नीट ऐकू आल्या. दबाव अजून कम झाला होता, आणि तूफान. ओसरीवरच्या कोणी तो शब्द ऐकला की नाही, ठाऊक नाही. कापसाच्या भावाच्या गप्पा सुरू झाल्या होत्या. मी खाली उतरलो. आव्वा दगडावरून उठून उभी राहिली.

“काय म्हन्लं?”

“दबाव अजून कमी झाला, आव्वा.”

ती जेवायला गेली.

पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तिला कळून काय उपयोग होता, बोट पाण्यात होती, ही इथं उपाशी बसली असती, एवढंच. हे खोटं नाही. पण खरं कारण निराळं होतं. सगळ्या गल्लीदेखत दोन दिवस मी उलटा अर्थ सांगितला होता आणि ते कबूल करायची मला लाज वाटली. शिवाय मी जे बोललो ते शब्दाला शब्द बरोबर होतं. नक्कलनवीसाला एवढं पुरतं.

दोन दिवसांनी आमच्याकडेही आभाळ भरून आलं आणि अवकाळी पाऊस लागला. वेचणीचा कापूस शेतात भिजला, लोक कावले. आव्वा दारात उभी राहून मला विचारू लागली, ह्यो पाऊस कुटून आला रं? मी म्हणालो, वरून. तेव्हा मला ठाऊक होतं तो कुठून आला होता ते.

आठ-नऊ दिवसांनी तार आली. तार इंग्रजीत. डाकवाला म्हणाला, पोस्टमास्तरांकडून वाचून घ्या. आव्वा ती मिटलेलीच घेऊन माझ्याकडे आली.

“दुसऱ्याकडं न्हाई दिली. तू मला कदी खोटं सांगितलं न्हाईस.”

मी कागद उघडला. माझं इंग्रजी दोन पुस्तकांपुरतंच होतं, पण तार चार ओळींची होती. सेलूकडच्या माणसानं मद्रासहून केली होती. वादळाच्या रात्री डेकवरून जी माणसं वाहून गेली त्यांत हा होता.

आव्वा माझ्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी वेगळं सांगावं असं माझ्या मनात आलं. बोट चुकली असं सांगता आलं असतं, अजून दोन आठवडे निघाले असते. मला ते जमलं नाही. मी म्हणालो, आव्वा, तुझा लेक समुद्रात गेला. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

तिनं माझ्या हातातून तार काढून घेतली, पदरानं पुसली आणि तिची नीट घडी केली.

“तुझं विंग्रजी कच्चं हाय बाबा,” ती म्हणाली. “मी मास्तरकडून वाचून घेते.”

आणि ती शाळेकडे चालू लागली.