सोमवारचा एल्डर

दारं वाजवून नकार ऐकण्यात आमच्या एल्डरचा हात धरणारा माणूस अख्ख्या आयर्लंडात सापडायचा नाही. नकार काय, आम्हीही ऐकतो. साहेबाचा ऐकतो, व्हिसावाल्यांचा ऐकतो, पोटच्या पोरीचा तर उठताबसता ऐकतो. पण तोंडावर दार आपटल्यावर त्या बंद दाराला मनापासून 'थँक यू' म्हणणारा, जाता जाता त्या घराच्या कुत्र्याचं नाव विचारून घेणारा आणि पुढच्या आठवड्यात त्या कुत्र्याला नावाने हाक मारणारा हा एवढाच मी पाहिला. सुरुवातीला तर बिचाऱ्याला नकार कळायचाही नाही. इथली माणसं 'नको' असं तोंडावर म्हणत नाहीत, 'यू आर ग्रँड, लॅड्स' म्हणतात आणि हसत दार लावतात. हा पठ्ठ्या महिनाभर घरी कळवत होता, की इथल्या, म्हणजे आमच्या ड्रोहेडा गावच्या, लोकांना आम्ही फार आवडलोय.

एल्डर म्हणजे खरं तर वडीलधारा. मॉर्मन पंथाचा प्रचार करायला निघालेल्या पोरांना असं म्हणायची पद्धत आहे. आमच्या वडीलधाऱ्याला मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. पांढराशुभ्र शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि वाऱ्याने लाल झालेले कान. आयडाहोतल्या बटाटे पिकवणाऱ्या घरातला मुलगा. कॉलेज बाजूला ठेवून दोन वर्षं परमुलखात दारोदार हिंडायचं, सिनेमा नाही, मैत्रीण नाही, घरी जाणं नाही, आणि कायम जोडीने राहायचं. जोडीदार दर काही आठवड्यांनी बदलायचा, पण नजरेआड व्हायचा नाही. एक बाथरूममध्ये गेला की दुसरा पॅसेजमध्ये भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा.

आमची ओळख झाली ती माझ्या भाषणामुळे. नव्या घरात राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. मी दार उघडलं तर दोन टायवाले उभे, आणि त्यातला लाल कानांचा मला विचारतो, "घरात कोणी मोठा पुरुष आहे का?" झालं! माझं डोकंच फिरलं. घराच्या कर्जावर माझी सही आहे, कारखान्यात क्वालिटीचं अर्धं डिपार्टमेंट माझ्या हाताखाली आहे, आणि हा कालचा पोरगा मला पुरुष विचारतोय? मी त्याला दारातच स्त्री-पुरुष समानतेवर असं काही ऐकवलं, की शेजारीण खिडकीत येऊन उभी राहिली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मग कानांहून लाल होत सांगितलं, की बाई एकटी असेल तर आत पाऊल टाकायचं नाही असा त्यांचा नियम आहे, म्हणून विचारलं. माझी अशी पंचाईत झाली म्हणता! मग उगाच आवाज चढवून मी म्हटलं, "देव हवा असेल तर आमच्याकडे भरपूर आहेत. देव्हाऱ्यात आता मुंगीलाही जागा नाही." तो म्हणाला, "मग काही काम आहे का?" त्याच वेळी आतून माझ्या नवऱ्याचा आणि जोडायला काढलेल्या कपाटाचा एकदम ओरडण्याचा आणि कोसळण्याचा आवाज आला. दोघं बाह्या सरसावून आत गेले आणि दुपारपर्यंत कपाट उभं केलं. नवऱ्याने जोडलं असतं तर मी अजून कपडे बॅगेतूनच काढून घालत असते.

अमरावतीहून माझी आई आली आणि एल्डरचं खरं प्रस्थ वाढलं. आईचा जीव चहात. तिने आल्याचा चहा टाकला, कपबशा मांडल्या, आणि याने हात जोडून सांगितलं, आमच्यात चहा-कॉफी चालत नाही. आई माझ्याकडे बघत राहिली. "चहा चालत नाही? अवो माय, मंग पाव्हण्याले देतेत काय?" तिला वाटलं, पोरगं आजारी आहे आणि सांगायला लाजतंय. नाही म्हणजे नाहीच, हे पटल्यावर तिने दोघांना केशर घालून, वर सढळ हाताने जायफळ किसून दूध दिलं. जायफळाचा गुण आपल्याला माहीत असतो, आयडाहोला कुठून असणार? परमेश्वराच्या योजनेबद्दल सांगता सांगता एल्डरची मान एका बाजूला कलंडली, जोडीदाराची दुसऱ्या बाजूला, आणि धर्मप्रचार चारपर्यंत आमच्या सोफ्यावर घोरत पडला. आईने दोघांच्या अंगावर शाल घातली. तेव्हापासून तो तिला 'सिस्टर आई' म्हणायला लागला. दोन्ही नाती एकाच दमात.

सोमवार हा त्यांचा कपडे धुण्याचा, सामान आणण्याचा आणि घरी पत्र लिहिण्याचा दिवस. त्यांच्या खोलीवरचं वॉशिंग मशीन बंद पडलं आणि आमच्या घरचा सोमवार त्यांचा झाला. नवरा आणि मी दोघंही त्या दिवशी घरून काम करतो, त्यामुळे नियमाची अडचण नव्हती. आमच्या मागच्या अंगणातल्या दोरीवर पांढऱ्या शर्टांची रांग लागायची. आई ते शर्ट लग्नघरातले असल्यासारखे कडक इस्त्री करायची, आणि हा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून फोनवर पत्र लिहायचा. पत्र त्याच्या आईला, पण वाचायचं तिकडचं अख्खं गाव. मधूनच मला थालीपीठाचं स्पेलिंग विचारायचा आणि त्या निमित्ताने बाकीचंही वाचून दाखवायचा. एका माणसाने त्यांच्या अंगावर बागेतला पाण्याचा पाइप सोडला होता. पत्रात होतं, "आज बागकामाची आवड असणाऱ्या एका गृहस्थांची भेट झाली." कुत्र्याने पँट फाडली, तर "एका कुत्र्याशी फार जवळून ओळख झाली." मी म्हटलं, "अरे लबाडा, हे खोटं नाही का?" तो गंभीरपणे म्हणाला, "सिस्टर, यातलं एक वाक्य खोटं दाखवा." नव्हतंच हो! आमच्या कारखान्यात ऑडिटच्या वेळी असा माणूस मिळाला तर मी त्याला डोक्यावर घेऊन नाचेन.

पण ती हसरी पत्रं लिहायला त्याला हळूहळू जास्त वेळ लागायला लागला. याच्या आजोबांनी अशीच दोन वर्षं काढली होती, वडिलांनी काढली होती, थोरल्या भावाने काढली होती, आणि प्रत्येकाच्या नावावर पंथात आणलेली माणसं होती. ती माणसं अजून नाताळात त्यांना कार्ड पाठवतात म्हणे. याच्या नावावर एकही माणूस नव्हता. निम्मा काळ सरला तरी एकही जण रविवारी यांच्या प्रार्थनेला आला नव्हता. जे आत बोलवायचे, ते कपाट जोडून घ्यायचे. म्हणजे आम्हीच की! मी एकदा स्वच्छ सांगून टाकलं होतं, "आमच्यावर वेळ घालवू नकोस बाबा, आम्ही काही बदलणार नाही." तो म्हणाला, "माहिती आहे. पण इथे बसावंसं वाटतं." आई त्याच्या सैल होत चाललेल्या कॉलरकडे बघून म्हणायची, "पोट्टं आतून खंगून राह्यलं वं. पोटातलं कोनापाशी बोलत नाही ते."

अशातच एक सोमवार आला. जोडीदार, म्हणजे त्या महिन्याचा, न्यूझीलंडचा एक धिप्पाड अबोल मुलगा, पोळी-भाजीवर तुटून पडला होता. आमच्या एल्डरने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "आज माझा उपास आहे." मी हे आईला सांगितलं मात्र, तिचा चेहरा असा उजळला! तिचाही सोमवार असतो, महादेवाचा. "आँ? मंग आधी नाही का सांगायचं? बस बस, आपल्या दोघाचाच हाय आज!" तिने परतलेली साबुदाण्याची खिचडी कढईतून सरळ त्याच्या ताटात ओतली, बाजूला दही, वर दाण्याचं कूट. तो काहीतरी सांगायला गेला. आईने हाताने थांबवलं. "चालते रे, चालते. हे उपासाचंच हाय." तो माझ्याकडे बघायला लागला. मी एका मीटिंगमध्ये, कानात हेडफोन, म्हटलं, "खा रे, उपासाला चालतं." दिवसभर जगाचा नकार झेलणाऱ्या त्या मुलाला स्वतःला चहाखेरीज कशालाच नकार देता येत नव्हता. त्याने एक घास घेतला. मग आईने आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं, मग तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्या वाढीतला साबुदाणा चावता चावता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

आईला वाटलं मिरची लागली. मी हेडफोन काढला. जोडीदार तेवढ्यात पहिल्यांदाच बोलला. "आमच्या उपासात पाणीसुद्धा चालत नाही, मॅम."

मग सगळं बाहेर आलं. हा साधा उपास नव्हता. त्याने देवाला कौल मागितला होता: राहू, की घरी परत जाऊ? त्याला झोप लागत नव्हती, बेल दाबायची वेळ आली की तो जोडीदाराला पुढे करायचा. पण मुदतीआधी परत येणाऱ्या मुलाकडे त्याच्या गावात लोक वेगळ्या नजरेने बघतात, आणि आजवर पाठवलेल्या त्या आनंदी पत्रांचं काय सांगायचं, आईला काय तोंड दाखवायचं, हे त्याला कळत नव्हतं. आजचा उपास सोडून मग चार वाजता तो घरी व्हिडिओ कॉल करणार होता. तोवर देव काहीतरी सुचवेल, असा त्याचा भरवसा होता. "आणि मी खिचडी खाल्ली," तो म्हणाला. "तीनदा."

मी आईला समजावून सांगितलं. दुसऱ्याचं व्रत आपल्या हातून मोडावं, याहून मोठं पाप माझ्या आईच्या हिशेबात नाही. ती मटकन खुर्चीत बसली. मग उठली, स्वतःसाठी वाढून ठेवलेलं ताट झाकून फ्रिजमध्ये टाकलं, गॅसवर उकळत असलेला चहा सिंकमध्ये ओतून दिला आणि पदर खोचून म्हणाली, "सांग त्याले, याचा उरलेला उपास म्या धरला. पानीबी घेत नाही आता. त्याच्या देवाले कोन उपाशी राह्यलं याच्याशी काय करायचं हाय? उपास झाल्याशी मतलब." मी म्हटलं, "आई, शुगर आहे तुला." "तू गप वं. याचं याले सांग." मी सांगितलं. तो नको नको म्हणाला, चक्क म्हणाला, चहानंतर पहिल्यांदाच. आईने ऐकलंच नाही. देवघरासमोर डोळे मिटून बसली ती बसली. आमचे देव आणि त्याचा देव, कोणी कोणाच्या हद्दीत लुडबूड केली असेल कोण जाणे. मला मात्र त्या दोघांकडे बघून रडू येत होतं, आणि तिकडे मीटिंगमधले लोक माझी वाट बघत होते.

चार वाजता त्याने फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर आयडाहोतली सकाळ आली, आणि लाल कानांची एक बाई. कान कुठून आले ते कळलं. "हनी! कसा आहेस?" त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता येणार बागकामाची आवड असणारे गृहस्थ. त्याने खुर्ची फोनच्या जवळ ओढली. मग म्हणाला, "मॉम, मला जमत नाहीये. मला घरी यायचंय." एवढंच. त्याच्या आईने तोंडावर हात ठेवला. मला तिचा चेहरा बघवेना, मी कोथिंबीर निवडायला घेतली. पण ती जे बोलली ते ऐकलं. म्हणाली, "तुझी पत्रं इतकी छान असायची ना, की मी बाबांना म्हणायची, काहीतरी बिनसलंय. मी तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होते रे. ये. विमानतळावर मी उभी असेन, बाकी कोण काय म्हणतं ते माझ्यावर सोड." माझी आई देवघरापासून उठून आली, पडद्यात डोकावली आणि दोन बायका एकमेकींकडे बघून न बोलता नुसत्या माना हलवत राहिल्या. मी भाषांतर करायला पुढे झाले होते, पण कोणी विचारलंच नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. डब्लिनचे त्यांचे वरिष्ठ समजूतदार निघाले, त्यांनी त्याला रागावलं नाही, तिकिटाची व्यवस्था केली. निघायच्या आधी तो टाय न लावता आला, आणि टाय नसलेला तो इतका लहान दिसला, की इथल्या पोरांसारखं आईला 'मॅम' म्हणणारी आमची दहा वर्षांची लेक मला हळूच म्हणाली, "मॅम, ही'ज ओन्ली अ बिग किड." आईने दाण्याचे लाडू दिले. त्याने वाकून तिच्या पायाला हात लावला. हे कोणी शिकवलं त्याला, देव जाणे.

त्याच्या पुढच्या सोमवारी मी कामातून मान वर केली, तर आई मागच्या अंगणातल्या रिकाम्या दोरीखाली उभी होती. मी बाहेर गेले. विचारलं, "आई, खरं सांग, त्या दिवशी काय मागितलंस गं महादेवाकडे?"

"पोराच्या तोंडून खरं निघू दे म्हटलं," आई म्हणाली. "घाईत तेवढंच सुचलं वं. म्या अजून दोन महिने हावो इथं, तवर याले राहू दे, हे मागाले पाह्यजे होतं. ध्यानातच नाही आलं."