अर्धे अर्धे पत्ते

नव्या रायपुरात आमच्या ऑफिसच्या मशिनीच्या खोलीची चाबी माझ्याजवळ असते. काही चोरीले गेलं तर पहिले मलेच धरतील, म्हणून मशिनी लावायले बाहेरून आलेल्या माणसावर मी डोळा ठेवून होतो. मराठी समजायचं त्याले, पण उत्तर हिंदीत. ताप पाहावा तसा प्रत्येक मशिनीवर तळहात ठेवायचा.

एकाच कामाच्या दोन मशिनी त्यानं लावल्या. मी म्हटलं, "भैया, दुसरी काहून? कोणाच्या घरी जाणार हाय ते?"

तो हसला. "ये कंप्यूटरों को पता देती हैं, काका. बिना पते के नेट नहीं चलता."

मग त्यानं चालू मशीनच बंद केली. मी त्याचं मनगट धरलं. "ऑफिस बंद पाडून राहिला का?"

"बाहर कोई कंप्यूटर चालू करवाइए."

बाहेरच्या मॅडमनं चालू केला. नेट चाललं.

"आधे पते इसके पास, आधे उसके पास. एक बंद हुई, तो दूसरी अपने वाले बाँटेगी."

"अन् बंद पडलेलीजवळचे?"

त्यानं तिच्यावर तळहात ठेवला. "वो तो उसी के पास रह गए, काका."

जाताना मी त्याची थैली उघडायले लावली. नुसत्या वायरी होत्या.

पण बोलला ते खरं. सोयऱ्यांचे सारे पत्ते माझ्या बायकोजवळ होते. ती गेल्यावर तेरवीचं सांगायले मी तिच्या बहिणीचं घर बीरगांवात पाऱ्यापाऱ्यात, मोहल्ल्यामोहल्ल्यात विचारत फिरलो, अन् निरोप न देताच परत आलो.