धुतलेले भांडे

२० मार्च २०१६, रविवार. त्या तारखेला दिवस आणि रात्र जवळजवळ सारख्या लांबीचे होते. कोणत्याही खगोलीय दिनदर्शिकेत हे पडताळून पाहता येते. त्याच दिवशी, धुके पुरते विरण्याआधी, आक्का जुना छोटा ट्रॅक्टर पाहायला गेली.

तिची उभी हयात इस्पितळाच्या धुलाईघरात, वाफेत आणि पांढऱ्या चादरींत गेली होती. निवृत्तीनंतर ती वडिलांच्या लिंबाच्या बागेत राहायला आली, तेव्हा गवत कमरेला लागत होते. ओळी इतक्या अरुंद की भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आत शिरेना. बाग भावाशी सामाईक. त्याने आडपडदा न ठेवता सांगितले होते, "हा एक हंगाम तुझा. बाग सावरली तर ठेवू. नाहीतर जागा मागणाऱ्या गोदामवाल्याला होकार देऊन टाकतो."

ट्रॅक्टर शहरातल्या एका क्लबच्या मैदानावरच्या माळ्याचा. तो म्हणाला, "बॉनेटवर हात ठेवा, ताई. गार आहे ना? आधी तापवून ठेवलेला नाही. गार इंजिन कसं सुरू होतं, ते तुमचं तुम्ही बघा." दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झाले. इंजिन चाललेले तास मोजणारा मीटर मात्र बंद होता. यंत्राचे खरे वय माळ्याच्या शब्दावरच मानावे लागले. सीटवर बसल्यावर अंगभर चढणारी ती डुगडुग आक्काला इतकी ओळखीची वाटली, की धुलाईघरातली सगळी यंत्रे एकदम उघड्या आभाळाखाली येऊन उभी राहिल्याचा तिला भास झाला.

तो विकत घेऊन घरी आणताच तिने त्याला न्हाऊ घातले. इंजिनाच्या बाजूला एक वाडग्यासारखे भांडे होते. ते काढले तर तळाशी काळेकुट्ट तेल.

"शी! हे कुणी कधी घासलंच नाही की काय?"

साबणाने घासून, उन्हात वाळवून, लख्ख कोरडे भांडे तिने जागच्या जागी बसवले.

मग दिवस तरंगत गेले. गवतासकट माती उलथणाऱ्या रोटाव्हेटरमागे सोनेरी धूळ उठायची, लिंबाच्या पानांचा वास तिच्यात मिसळायचा, आणि आक्काला वाटायचे, आपण चालवत नाही, कुणीतरी आपल्याला झोपेतच ओळीओळींतून नेत आहे. निम्मी बाग मोकळी झाली. आणि ट्रॅक्टर धापा टाकू लागला. धूर निळसर, अंगात जोर नाही.

भावाने मिस्त्रीला आणले. मिस्त्रीने ते भांडे उघडले आणि आधी पोट धरून हसला.

"आक्का, यात जेवायला वाढता येईल की!"

"मग? घाण ठेवायची होती?"

"अहो, यात तेल हवंच. इंजिन ओढतं त्या हवेतली धूळ तेलाला चिकटते, म्हणून आत जात नाही. तुम्ही पहारेकऱ्यालाच न्हाऊमाखू घालून घरी पाठवलंत." एवढे बोलून त्याचे हसू मावळले. "आता धूळ सरळ इंजिनात गेलीय. किती, ते उघडल्यावरच कळेल. आणि एकदा उघडलं, की हा हंगाम गेला म्हणून समजा."

भाऊ चपलेने माती उकरत म्हणाला, "आक्के, गोदामवाला विचारतोय."

आक्काने ते रिकामे भांडे मिस्त्रीच्या हातातून घेतले. मग म्हणाली, "मिस्त्री, तेल कुठवर भरायचं ते दाखवा. उघडायचं काही नाही."

"बंद पडला मधेच तर?"

"पडेल तिथून पुढं खुरप्यानं."

नवे तेल खुणेपर्यंत भरले. धूर राहिलाच. दर सकाळी, धूळ उठायच्या आत, ती दवाने ओली ओळ धरायची आणि कानात जीव आणून हळूहळू हाकायची. शेवटची ओळ झाली त्या दुपारी भाऊ बांधावर उभा होता. त्याने खिशातून फोन काढला, गोदामवाल्याला "यंदा नाही" एवढेच सांगितले आणि बहिणीला हात देऊन सीटवरून उतरवले.

बाग त्या वर्षापुरती राहिली, हे निश्चित. इंजिनात किती धूळ गेली आणि ते आणखी किती चालेल, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. ते अजून उघडलेले नाही.