उघाडीच्या सहा फळ्या

पावसाळ्यात लाकडावर खडूने लिहू नये, हे माझ्या वर्गातल्या चौथीच्या मुलांनाही ठाऊक असावं. त्यांना शिकवणाऱ्या मला मात्र ते श्रावणातल्या अवसेला, गुडघाभर पाण्यात उभं राहून कळलं.

आमची शेती खाडीकाठच्या खाजणात. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक बांध आणि बांधाला एक दार. त्याला उघाडी म्हणायचं. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीआधी बंद करायची, नाहीतर खारं पाणी आत शिरून भात जळतं. दार म्हणजे तरी काय, सहा फळ्या. दोन दगडी खांबांच्या खाचांतून एकावर एक सरकवायच्या आणि आतल्या अंगाने चिखल थापायचा. बांध चार घरांचा, म्हणून आठवडाभर एकेका घराने उघाडी सांभाळायची. आमच्याकडून थोरला भाऊ जायचा. त्या वर्षी, साठ-एकसष्ट साल असेल, तो मुंबईला गिरणीत लागला आणि अवसेचा आठवडा नेमका माझ्या गळ्यात आला.

अवसेची भरती भर दुपारी बाराला, तीही उधाणाची. चार घरांची वर्षाची पेज माझ्या हाती. ज्याच्या हातून घरची घागरसुद्धा धड भरत नाही, त्याच्या! माझी झोप उडाली.

सकाळी ओहोटीला फळ्या काढल्या, तेव्हा मला एक शहाणपण सुचलं. प्रत्येक फळी पंचाने कोरडी केली आणि खिशातल्या खडूने तिच्यावर आकडा घातला. एक ते सहा, चांगले वळणदार. घरी येऊन बायकोला हे अभिमानाने सांगितलं.

"आकडे कित्याक होये?" ती म्हणाली. "खालची फळी बुडाच्या दगडार बसाची म्हणान तासलेली आसा. डोळे मिटून हात फिरवल्यान तरी कळता."

मी हसलो. इतक्यात एक सर आली आणि गेली.

नऊच्या सुमाराला बांधावर गेलो तर सहा फळ्या स्वच्छ धुतलेल्या. पाणी चढायला लागलेलं. बायको काय म्हणाली ते घाबरल्यामुळे आठवेचना. हाताला येईल ती फळी खाली सरकवली आणि वर बाकीच्या. तर खालच्या फटीतून पाणी नळासारखं आत. मी त्या फटीला पाय लावून उभा राहिलो. पाय एक, फट या खांबापासून त्या खांबापर्यंत.

पलीकडच्या घरातले आबा आले, तेव्हा मी असा उभा होतो. त्यांचं भातही याच बांधाच्या आडोशाला.

"मास्तरा, तासलेली फळी वर कित्याक रे घातलंस?"

"आकडे घातले होते, आबा. गेले."

"खंय गेले?"

"पावसाने पुसले."

आबांनी तोंडातलं पान गालात सरकवलं आणि खाडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. मग सदरा काढून पाण्यात उतरले. दोघांनी फळ्या उपसल्या, पुन्हा लावल्या, कोपरापर्यंत हात घालून चिखल थापला. फट बंद झाली.

माझा जीव मात्र जागेवर येईना. काठी रोवून पाणी मोजलं. बांधाच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. चिखलावर चढून वाकून बघितलं. पुन्हा टोकापर्यंत. पाचव्या खेपेला आबा म्हणाले, "पायाखाली बघ वायच."

ताज्या चिखलात माझी पावलं उमटली होती आणि प्रत्येक पावलात पाणी झिरपत होतं.

"चिखल आपण थापलो, आणि तू तो पायान मोडतंस. बस हंय."

"पाणी चढतंय, आबा."

"चढतलाच. तेका तुझी परवानगी होई काय? आपला काम आपण केला. आता रवला ता खाडयेचा."

त्यांनी पावलं बुजवली. मी बसलो. काही न करता बसणं मला तोवर ठाऊक नव्हतं. हातांवर चिखल सुकून कातडी ओढतोय. चौथी फळी बुडाली. पाचवी बुडाली. सहावीची चार बोटं उरली, मग दोन. एक वाळकं पान फळीपाशी येऊन गोल फिरत राहिलं. त्याच्याकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. मधेच लक्षात आलं, की मी पाणी मोजायचं विसरलोय. भीती होती, पण माझ्याकडून ती काही करून घेत नव्हती.

पान खाडीच्या दिशेने सरकायला लागलं. "वळला," आबा म्हणाले आणि पिंक टाकली.

उठलो, मागे बघितलं. आमच्या शेताच्या कोपऱ्यात पाणी चमकत होतं. उघाडीपासून दूर, बांधाच्या बुडाशी कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, बीळ केलं होतं आणि त्यातून खारं पाणी गुपचूप आत आलं होतं. बीळ बुजवलं, पण तो कोपरा गेला. तिथली लावणी बायकोने एकटीने, तापातून उठून केली होती.

घरी जाईपर्यंत चार तऱ्हांनी सांगून बघितलं, मनातल्या मनात. दारात पाचवीच तोंडातून निघाली. फळ्या, खडू, आबा, बीळ, कोपरा, सगळं एका दमात.

तिने विचारलं, "आबांचा भात वाचला?"

"वाचलं."

ती आत जाऊन पाणी घेऊन आली. मग तांब्या पुढे केला. "कुर्ली काय तुमच्या शाळेतली नाय, तुमचा ऐकूक. हात धुवा, भात निवता."