रतनबाईच्या माळवदाची तुळई

उमापूरच्या खाजामियाँ मिस्त्रींनी तीस वर्षांत नवं सागवान विकत घेतलं नव्हतं. जिथं जुनी घरं, गोदामं पाडली जात तिथं ते जायचे आणि तुळया, वासे घेऊन यायचे. "जुनं लाकूड मुरलेलं असतंय. उभं झाड कशाला कापायचं?" असं म्हणायचे. प्रत्येक तुळई हातोडीनं ठोकून बघायचे. आवाज खणखणीत आला तर चांगली, बद्द आला तर आतून वाळवीनं खाल्लेली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी चकलांब्याच्या रतनबाईचं घर बांधलं. ती शेळ्या राखायची आणि नात वैष्णवीला घेऊन राहायची. गेवराईकडं पाडलेल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या तुळया वापरल्या आणि वर हातभर मातीचं माळवद घातलं.

दोन महिन्यांनी त्यांची बायको रहेमतबी म्हणाली, "कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. शेजारी बसून तुमी उठला न्हाई." डॉक्टरांनी तपासलं. लाकूड कापायच्या मशीनच्या आवाजानं कान मंदावले होते, आणि तेही वर्षा-दोन वर्षांपासून.

खाजामियाँचं जेवण सुटलं. रतनबाईची मधली तुळई ठोकली तेव्हा आवाज खरंच ऐकू आला होता, की आल्यासारखा वाटला होता? तिच्याच खाली त्या दोघी झोपायच्या.

दुसऱ्या दिवशी ते लाकडाला भोक पाडायचं गिरमिट घेऊन चकलांब्याला गेले. रतनबाई शेळ्या सोडत होती. त्यांनी तिला सगळं सरळ सांगितलं. "तुळई पोकळ निघाली तर माळवद मी सोत्ता उतरवतो. तवर आत कुणी निजू नका."

तिनं सोडलेल्या शेळ्या परत बांधल्या. मग तिनं नातीला बाहेर बोलावलं, अंथरुणं ओट्यावर टाकली आणि शिडी धरली. "बगा, मिस्त्री."

खाजामियाँनी तुळईला गिरमिट लावलं. आता वाळवीची माती गळणार म्हणून त्यांनी डोळे बारीक केले. गळले ते तांबूस, तेलकट, पिळदार छिलके. तुळई भिंतीत शिरते तिथं दुसरं भोक पाडलं, मग तिसरं. सगळीकडं तेच. चिमूटभर चुरून नाकाशी धरलं तर सागाचा ताजा वास आला.

"पक्की हाय," ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की वैष्णवी हसली.

सागाच्या खुंट्या ठोकून त्यांनी भोकं बुजवली. मग ते खाली उतरले. रतनबाईनं चहा दिला. म्हणाली, "सांगितलं नसतं तर मला काय कळनार होतं?"

"रातच्याला झोप न्हाई लागली, बाई," एवढंच ते बोलले.

चहा पिऊन ते त्याच तुळईखाली घोंगडीवर आडवे झाले. रतनबाई शेळ्या घेऊन रानाकडं निघाली तोवर ते घोरायला लागले होते.